आजोबांचं वेस्ट एंड आणि सिलिकॉनची हेअरस्प्रिंग: स्विस घड्याळाचा वारसा नक्की कशात असतो?

मनमाडचा_नातू

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे आजोबा मनमाडला रेल्वेत होते. त्यांच्या मनगटावर कायम एकच घड्याळ, वेस्ट एंड वॉच कंपनीचं सोवार प्रायमा. रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायचे आणि चावी घट्ट लागायला लागली की थांबून घड्याळ माझ्या कानाला लावायचे, म्हणायचे आता पोट भरलं त्याचं, ऐक. ते गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आलं. डायल पिवळी पडलीये, काचेवर चरे आहेत, पण चालतं, फक्त गेल्या वर्षभरात दिवसाला आठ-दहा मिनिटं पुढे पळायला लागलंय.

आता मुद्दा. मी सहा-सात वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकून एक चांगलं स्विस मेकॅनिकल घड्याळ घ्यायचं ठरवलंय, एकच, आयुष्यात एकदाच, जे पुढे मुलीला देता येईल. मुंबईत एका शोरूममध्ये जाऊन आलो. तिथल्या मुलाने दोन घड्याळं काढून ठेवली. एकात नेहमीची धातूची हेअरस्प्रिंग (म्हणजे घड्याळाची लय सांभाळणारी केसासारखी बारीक, वेटोळ्यांची स्प्रिंग), दुसऱ्यात सिलिकॉनची. दुसरं चुंबकाने बिघडत नाही, वेळ जास्त अचूक, वगैरे. पण तोच मुलगा आधी दहा मिनिटं शेकडो वर्षांची परंपरा, कारागिरी, डोंगरातली गावं असं सगळं सांगत होता आणि मग म्हणाला की ही स्प्रिंग कॉम्प्युटरची चिप बनवतात तशी बनते. मी घरी येईपर्यंत लोकलमध्ये हाच विचार करत होतो की घड्याळाचं काळीजच जर चिपसारखं क्लीनरूममध्ये बनत असेल तर मी पैसे नक्की कशाचे देतोय? आणि दुसरं म्हणजे तीस वर्षांनी ते दुरुस्त कोण करणार? जुन्या पद्धतीचंच घ्यावं का?

जुरा_डोंगरातून

दादा, प्रश्न खूप आवडला म्हणून सविस्तर लिहिते. मी नऊ वर्षं स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेलला राहते, मायक्रोटेक्नॉलॉजीत काम करते, घड्याळाच्या कंपनीत नाही पण इथे राहून घड्याळापासून लांब राहताच येत नाही.

इथून ट्रेनने अर्ध्या तासावर ला शो-द-फाँ आहे, हजार मीटर उंचीवर, हिवाळ्यात बर्फच बर्फ. १७९४ मध्ये गाव जवळपास सगळं जळालं आणि नंतर ते नव्याने आखलं, सरळ समांतर रस्ते, डोंगरउतारावर ओळीने घरं. का, तर प्रत्येक घराला उजेड मिळावा, कारण घराघरात खिडकीपाशी टेबल लावून माणसं घड्याळाचे भाग बनवत बसायची. एका घरात काटे, एकात डायल, एकात केस. मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये या गावाबद्दल लिहिलंय की अख्खं गाव म्हणजे एकच घड्याळाचा कारखाना आहे. शेजारचं ल लॉक्ल आणि हे गाव मिळून २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फेब्रुवारी होता, चार वाजता उजेड उतरायला लागला आणि एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांची ती लांबच लांब ओळ तेवढी अजून चमकत होती. तेव्हा कळलं की ही गावं उजेडाच्या हिशोबाने बांधलीयेत.

आता तुमच्या ‘जुन्या पद्धती’बद्दल. हेअरस्प्रिंगचा मोठा शत्रू म्हणजे तापमान. पोलादाची स्प्रिंग गरम झाली की ढिली पडते, घड्याळ मागे पडतं. आधीच्या लोकांनी यावर काय केलं तर बॅलन्स व्हीलची, म्हणजे हेअरस्प्रिंगबरोबर मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाची, कड दोन धातूंची केली, आत पोलाद, बाहेर पितळ, आणि ती दोन ठिकाणी कापलेली. उष्णतेने पितळ जास्त वाढतं, कड आत वळते, चाक लहान झाल्यासारखं होतं आणि स्प्रिंगची ढिलाई भरून निघते. सुंदर युक्ती, पण पूर्ण अचूक नव्हती. मग आले शार्ल-एदुआर गियोम. इथलेच, व्हाल-द-त्राव्हेरमधल्या फ्लरिए गावचे, जन्म १८६१, घड्याळवाल्याच्या घरातले. त्यांनी निकेल आणि पोलादाचे मिश्रधातू अभ्यासून आधी इनव्हार काढला, जो तापमानाने जवळजवळ वाढतच नाही, आणि मग एलिनव्हार, ज्याची लवचिकता तापमानाने फारशी बदलत नाही. त्या कामासाठी १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे १९३० च्या दशकात राइनहार्ड श्ट्राउमान यांनी निवारॉक्स हा मिश्रधातू आणला, आणि आज शोरूममधली जी ‘नेहमीची धातूची’ स्प्रिंग तुम्हाला पारंपरिक वाटतेय ती बहुतेक याच घराण्यातली. म्हणजे तीही प्रयोगशाळेतूनच आली, आणि तिचा शोध लागला तेव्हा तुमचे आजोबा शाळेत असतील.

आणि सिलिकॉन म्हणजे बाहेरून आणून चिकटवलेली गोष्ट नाहीये. १९६२ मध्ये स्विस कंपन्यांनी मिळून न्यूशातेलला इलेक्ट्रॉनिक घड्याळासाठी संशोधन केंद्र काढलं, तिथे १९६७ मध्ये बीटा-१ नावाचं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, मनगटी घड्याळ बनलं. हो, क्वार्ट्झ इथेही बनलं होतं, पण २५ डिसेंबर १९६९ ला बाजारात आधी आणलं जपानच्या सायकोने, आणि पुढच्या पंधराएक वर्षांत या डोंगरात काय झालं ते इथली जुनी माणसं आजही आवाज खाली करून सांगतात. १९७० च्या आसपास नव्वद हजारच्या घरात लोक या धंद्यात होते, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तीस हजारच्या आसपास उरले. माझ्या घरमालकीणबाईंच्या वडिलांनी काम गेल्यावर आपलं भिंग आणि चिमटे एका बिस्किटाच्या डब्यात घालून ठेवले ते परत काढलेच नाहीत, डबा अजून कपाटावर आहे, मी बघितलाय.

१९८४ मध्ये ते केंद्र आणि आणखी दोन संस्था एकत्र येऊन सीएसईएम झाली, आणि घड्याळातल्या सिलिकॉनचं बरंचसं पायाचं काम याच संस्थेत झालं. ज्या वंशातून मेकॅनिकल घड्याळाला मारणारी गोष्ट निघाली त्याच वंशातून त्याला नवं काळीज मिळालं, हे मला दरवेळी अंगावर येतं. २००१ मध्ये ल लॉक्लच्या युलिस नार्दां कंपनीने ‘फ्रीक’ नावाचं घड्याळ काढलं, त्यात पहिल्यांदा सिलिकॉनची एस्केप व्हील्स (ठोक्याठोक्याने ताकद पुढे सोडणारी दातेरी चाकं), पाटेक फिलिप वगैरे कंपन्या त्यानंतर आल्या. सिलिकॉनही गरम झाल्यावर ढिलं पडतं, म्हणून त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर चढवतात, तो उष्णतेने उलट ताठ होतो, दोघांचं मिळून जमतं. पितळ-पोलादाच्या कडेमागचा विचारच आहे हा, फक्त मायक्रॉनमध्ये. म्हणून मला सिलिकॉनवालं घड्याळ वारशाच्या बाहेरचं अजिबात वाटत नाही.

स्पष्टवक्ता_नागपूर

ताईंनी छान लिहिलंय पण मी पूर्ण सहमत नाही. नवीन शोध हाच वारसा म्हटलं तर मग सेलचं घड्याळही वारसाच की, बीटा-१ पण तिथलंच. कुठेतरी रेघ मारावीच लागेल.

माझ्या मते रेघ हाताच्या कामापाशी आहे. स्वित्झर्लंडच्या व्हॅले द जूमध्ये फिलिप दुफूर म्हणून कारागीर आहेत, त्यांच्या ‘सिंप्लिसिटी’ घड्याळात फक्त तास, मिनिट, सेकंद, बाकी काही नाही, पण मागून बघितलं तर पुलांच्या (चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) कडा पंचेचाळीस अंशात घासून आरशासारख्या केलेल्या, आणि जिथे दोन कडा आत कोपऱ्यात भेटतात तिथे धारदार टोक. तो आतला कोपरा मशीनच्या फिरत्या कटरला येतच नाही, तो गोलच राहतो, हातानेच काढावा लागतो, आणि शेवटची चमक जेन्शन नावाच्या डोंगरी झाडाच्या वाळलेल्या काडीने घासून देतात. हे एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवल्याशिवाय टिकत नाही. युनेस्कोने २०२० मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या मेकॅनिकल घड्याळकामाला अमूर्त वारसा म्हणून घेतलं ते या कौशल्यासाठी, कुठल्या ब्रँडसाठी नाही.

ब्रँडच्या नावामागे लागू नका हे मात्र मनापासून सांगतो. ब्लांपां १७३५ पासून म्हणतात, पण मधे ते नाव बंदच पडल्यात जमा होतं, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जाँ-क्लोद बिव्हेर आणि जाक पिगे यांनी ते अवघ्या बावीस हजार फ्रँकला विकत घेतलं आणि आम्ही कधीच क्वार्ट्झ बनवलं नाही, बनवणारही नाही अशी जाहिरात करून उभं केलं. धाडस होतंच, आणि आज त्यांचं काम उत्तम आहे हेही खरं. पण सन बघून पैसे देऊ नका, तीच गोष्ट टूरबियाँची, म्हणजे बॅलन्स व्हील ज्यात ठेवून सतत गोल फिरवतात त्या पिंजऱ्याची. ब्रेगे या घड्याळकाराने त्याचं पेटंट १८०१ मध्ये घेतलं ते खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी, गुरुत्वाकर्षणाने होणारी चूक चारी बाजूंनी वाटून जावी म्हणून. मनगट दिवसभर हलतंच, तिथे त्याचा फायदा फार कमी. बघायला अप्रतिम, पण लाखो रुपये जास्त द्यायचे ते अचूकतेसाठी म्हणून देऊ नका.

भिंगवाला_सांगली

मनमाडकर, आधी आजोबांचं घड्याळ बघू, नवीन नंतर.

आमचं दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं, मी तिथे शाळेपासून बसतोय. एवढं पुढे पळतंय आणि ते हळूहळू नाही तर वर्षभरातच सुरू झालं म्हणजे पहिला संशय चुंबकाचा. हेअरस्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ धावत सुटतं. पूर्वी महिन्यातून एखादं असं यायचं, आता आठवड्याला दोन-तीन येतात, मोबाइलच्या कव्हरला चुंबक, पर्सला चुंबक, स्पीकर, टॅबलेट सगळीकडे चुंबक. दुसरा संशय स्प्रिंगवर तेल उडालंय. घरात होकायंत्र असेल तर घड्याळ त्याच्याजवळ न्या, सुई हलली तर काम सोपं आहे, आमच्याकडे कॉइल असते, घड्याळ त्यावर धरून बटण दाबून हळूहळू वर उचलायचं, दोन मिनिटांचं काम. पण तेल सुकलं असेल तर चाकांची टोकं कोरडी घासतात, तेव्हा सर्व्हिसिंग होईपर्यंत चावी देऊ नका. आणि एक कळकळीची विनंती, ती पिवळी डायल कोणी नवी रंगवून देतो म्हणालं तर देऊ नका. आपल्याकडे जुन्या स्विस घड्याळांच्या डायली भडक रंगवून विकायचा धंदा जोरात आहे, एकदा मूळ छपाई पुसली की परत येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, दुरुस्ती. धातूची स्प्रिंग वाकली तर सरळ करता येते. वडील करायचे ते मी शेकडो वेळा बघितलंय, डोळ्याला भिंग, दोन चिमटे, श्वास रोखून एका वेटोळ्याला जरासा दाब, मग लांबून बघायचं, सगळे वेटोळे सारख्या अंतरावर दिसतायत का, मग परत दाब. ब्रेगेने १७९५ च्या सुमारास शेवटचं वेटोळं वर उचलून आत वळवायची जी पद्धत काढली, म्हणजे स्प्रिंग सगळीकडून सारखी फुलते, ते वळण मारायला वडिलांना एकदा दीड तास लागला होता आणि तेवढ्यात त्यांनी आईने आणलेल्या चहाकडे बघितलंसुद्धा नाही. सिलिकॉनला हे काही लागू नाही. ते वाकत नाही, वाकवायला गेलात तर काचेसारखं तुटतं, मग नवीनच टाकायचं. पण सहसा ते बिघडतही नाही, चुंबकाचा त्रास शून्य, झटका बसला तर परत आपल्या आकारात येतं. मी स्वतः सिलिकॉनवाली तीन-चार उघडून बघितलीत, काम चोख असतं, मला त्याबद्दल आदर आहे.

मला दुखतं ते वेगळंच. मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक एक महागडं स्विस घड्याळ घेऊन आलं, त्यात फक्त चावीचा दांडा बदलायचा होता, धातूचा साधा दांडा, सिलिकॉन वगैरे काही नाही. मी कंपनीच्या सेंटरला विचारलं, पार्ट बाहेर देत नाही म्हणाले, घड्याळ पूर्ण सर्व्हिसला पाठवा. त्या माणसाचा जेवढा खर्च झाला तेवढ्यात आमच्याकडे दहा घड्याळं झाली असती. म्हणून घेताना स्प्रिंग कशाची हे दुसऱ्या नंबरला विचारा, पार्ट बाहेर मिळतात का हे पहिलं.

डोंबिवली_लोकल

भिंगवाले काकांचा मुद्दा एकदम पटला आणि त्यावरून शार्ल व्हर्मो आठवले, ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९६९ च्या जानेवारीत झेनिथ या स्विस कंपनीने एल प्रिमेरो जाहीर केलं, ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ (मनगटाच्या हालचालीने चावी भरणारं, स्टॉपवॉच असलेलं घड्याळ), तासाला ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाला दहा, त्यामुळे सेकंदाचा दहावा भाग मोजता येतो. आणि त्याच वर्षी क्वार्ट्झ आलं. तोवर कंपनीची मालकी शिकागोच्या रेडिओ-टीव्ही बनवणाऱ्या, त्याच नावाच्या दुसऱ्या झेनिथकडे जायची वेळ आली होती, आणि १९७५ मध्ये तिकडून हुकूम आला की मेकॅनिकल बंद, मशीनं अवजारं भंगारात काढा. व्हर्मो तिथे ल लॉक्लच्या वर्कशॉपला होते. त्यांनी वर लिहून विनंती केली, उपयोग झाला नाही. मग ते कामानंतर एकेक गोष्ट पोटमाळ्यावर नेऊन लपवायला लागले, प्रेसचे साचे, कॅम, कटर, आराखडे, आणि नुसतं लपवलं नाही तर कुठलं अवजार कशासाठी हे सगळं लिहून ठेवलं. १९८४ मध्ये परत एल प्रिमेरो बनवायचं ठरलं तेव्हा हे सगळं खाली आलं. नाहीतर प्रत्येक साचा नव्याने करायला खर्च इतका आला असता की ते झालंच नसतं. आणि १९८८ मध्ये रोलेक्सने आपल्या डेटोना या क्रोनोग्राफमध्ये हेच मशीन सुधारून घेतलं.

म्हणून मला वाटतं वारसा हातात असतोच, पण साच्यात आणि लिहून ठेवलेल्या वहीतही असतो. जुरावाल्या ताई, सिलिकॉनचा पोटमाळा कुठे असतो? तीस वर्षांनी पार्ट परत बनवता येईल का?

जुरा_डोंगरातून

फार चांगला प्रश्न. सिलिकॉनचा भाग म्हणजे आधी एक नकाशा, मग त्याचा मास्क (साचा म्हणा), मग वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, प्लाझ्माने खोल कोरायचं, एका वेफरवर शेकडो भाग निघतात, सगळे सारखे. म्हणजे नकाशा जपला तर भाग परत बनतो, आणि कोरायचं तंत्र फक्त घड्याळवाल्यांकडे नाहीये, मोबाइलमधल्या सेन्सरलाही तेच लागतं, आमच्याकडे रोज चालतं, त्यामुळे ते नाहीसं व्हायची भीती मला कमी वाटते. पण दहा भाग हवेत म्हणून कोणी वेफर काढणार नाही आणि एकटा कारागीर ते दुकानात बनवू शकणार नाही. इथे नागपूरकरांचं म्हणणं मला मान्य करावं लागतं, की हातातून काहीतरी निसटतंय. फक्त सेलच्या घड्याळाशी तुलना नाही पटली. सिलिकॉनची असली तरी ती स्प्रिंगच आहे, श्वास घेतल्यासारखी फुलते-मिटते, तिला ताकद तुमच्या चावीतूनच मिळते.

त्यामुळे दादा, कंपनीला लेखी विचारा की या मॉडेलचे पार्ट किती वर्षं ठेवणार. पाटेक तर १८३९ पासूनचं आपलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करू म्हणते, बाकीच्यांचं वेगवेगळं आहे. आणि अचूकतेचा पुरावा बघा, नुसतं बोलणं नको. सीओएससी या घड्याळं तपासणाऱ्या स्विस संस्थेच्या चाचणीत मशीन पंधरा दिवस, पाच स्थितीत, ८, २३ आणि ३८ अंशाला तपासतात, दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदात बसावं लागतं. मेटास या स्विस सरकारी मापन संस्थेच्या चाचणीत वर १५,००० गॉसचं, म्हणजे खूप जोरदार, चुंबक लावतात. तुमच्या शहरातल्या उन्हाळ्याला आणि मोबाइलला दोन्ही चाचण्या उपयोगी आहेत.

मनमाडचा_नातू

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मुलीच्या विज्ञानाच्या पेटीत होकायंत्र होतं, काल रात्री लावून बघितलं. सुई नुसती हलली नाही, घड्याळाच्या ठोक्याबरोबर थरथरत होती, मुलगी ओरडलीच, बाबा हे जिवंत आहे. आणि कारणही सापडलं, वर्षभरापूर्वी आणलेल्या ब्लूटूथ स्पीकरच्या शेजारीच मी ते ठेवायचो. आजोबा देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवायचे, तिथेच परत ठेवलंय, चावी दिली नाहीये.

नवीन घड्याळाचं असं ठरवलंय की सिलिकॉनचं घ्यायला हरकत नाही, मनातला अडसर गेला, पण पार्टबद्दल ईमेल टाकलाय दोन कंपन्यांना, उत्तर येईपर्यंत थांबतो. सहा वर्षं थांबलो, अजून दोन महिने काही नाही. वेस्ट एंडची कंपनीही १८८० च्या दशकात मुंबईत उभी राहिली आणि घड्याळं स्वित्झर्लंडहून बनून यायची असं वाचलं, म्हणजे आजोबांच्या घड्याळाचा एखादा भाग ताईंच्या त्या खिडक्यांपैकी एखाद्या खिडकीत बनला असेल का हा विचार डोक्यातून जात नाहीये.

भिंगवाले काका, पुढच्या शनिवार-रविवारी सांगलीला येऊ का? मुलीलाही आणतो, तिला ते दोन चिमट्यांचं काम बघायचंय.

भिंगवाला_सांगली

या की. शनिवारी या, सकाळी दहाच्या आत, उजेड चांगला असतो आणि गर्दी नसते. रविवारी बंद. घड्याळ रुमालात गुंडाळून आणा, मोबाइलच्या खिशात नको. मुलीसाठी एक जादाचं भिंग काढून ठेवतो, आणि वडीलही असतील, त्यांनी त्या काळातली सोवार प्रायमा भरपूर उघडलीयेत, झाकण काढल्यावर आत काय काय आहे ते तेच दाखवतील तिला.